प्रभामंडळाची उंची

“ती तुझी विद्यार्थिनी आली होती माझ्याकडे,” दातांचे डॉक्टर टोस्टला लोणी लावता लावता म्हणाले. “गेल्या आठवड्यात. अक्कलदाढ आडवी आली होती तिची. आज संध्याकाळी टाके काढायला यायचीय, त्यावरून आठवलं.”

बाईंनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. नवऱ्याच्या पेशंटांच्या दाढा हा विषय त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मनातून काढून टाकला होता. “माझ्या पुष्कळ विद्यार्थिनी आहेत,” त्या म्हणाल्या.

“ती गं, मधेच सोडून गेलेली. तू शंकासूर म्हणायचीस तिला.” लोणी टोस्टच्या चारी कोपऱ्यांपर्यंत पोचलंय की नाही हे डॉक्टरांनी चष्म्याखालून तपासलं. “सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, तर जीभ जड व्हायच्या आत मला विचारते, बाई अजून चारच धरतात का? मी म्हटलं, चार काय? पण तोवर तिचं तोंड गेलं होतं. चार काय गं?”

“काही नाही.” बाईंनी कप उचलला आणि न पिताच बशीत ठेवला. तो इतका वाजला की डॉक्टरांनी टोस्टवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. “अहो, तोंडात घास असताना बोलू नका,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांच्या तोंडात घास नव्हता.

‘अहो’ या दोन अक्षरांत बाईंनी एकतीस वर्षांत किती तुच्छता भरून ठेवली होती याचा डॉक्टरांना पत्ता नसावा. किंवा असावा, आणि गुडघेदुखीची होते तशी त्यांना तिची सवय झाली असावी. बाईंच्या मते हा माणूस आयुष्यभर फक्त अशाच लोकांशी बोलला होता, ज्यांच्या तोंडात त्याचा हात होता आणि ज्यांना म्हणूनच उलट बोलता येत नव्हतं. सात वर्षांपूर्वी एकदा विसरलेली छत्री न्यायला त्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेल्या होत्या, तेव्हा आतून त्याचा आवाज ऐकू आला होता. “आमची बायको आकाशातून येणारे किरण अभ्यासते बरं का. आऽ करा. मोठा. ते किरण तुमच्याआमच्यातून आरपार जातात. दुखलं का आत्ता? नाही ना? तसंच अगदी.” त्या ‘तसंच’ने बाईंच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की छत्री न घेताच त्या भिजत घरी आल्या. सर्दी झाली. सर्दीसाठीही त्यांनी मनातल्या मनात त्यालाच जबाबदार धरलं आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा कधी चढल्या नाहीत.

संस्था घरापासून पंचवीस मिनिटांच्या चालीवर होती. रोज या पंचवीस मिनिटांत बाई दिवसभराच्या माणसांना आधीच निकालात काढून ठेवत. संचालक कधीकाळी बरं गणित करायचे, आता फिती कापतात. प्रसिद्धी विभागातल्या पोरीने वैश्विक किरणांवरच्या पत्रकाला ‘दूरदेशीचे पाहुणे’ असं नाव दिलं होतं. पाहुणे! पाहुण्याला निदान आपण कुठून निघालो ते सांगता येतं. इथे तीच तर मेख होती. कुठेतरी एखादा तारा फुटतो, त्या स्फोटाच्या लाटेत अणूंचे गाभे प्रकाशाच्या जवळपास वेगाने उधळले जातात, आणि मग आकाशगंगेत जागोजाग गुंता होऊन पडलेल्या चुंबकीय क्षेत्रांत सापडून इकडून तिकडे, तिकडून इकडे असे भेलकांडत राहतात. लाखो वर्षं. प्रकाश सरळ येतो, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येतं, की तो बघ तिथून आला. हे कण येतात तेव्हा त्यांना स्वतःचा गाव आठवत नाही. आभाळाच्या सगळ्या बाजूंनी सारखेच येतात, बाजारातून घरी येणाऱ्या दारुड्यासारखे. हा दृष्टांत मोठ्या सरांचा, बाईंच्या गुरूंचा. बाईंना तो तेव्हाही पांचट वाटला होता, आणि तरी तो त्यांनी वीस वर्षं वर्गात वापरला होता.

पण आज फुटपाथवरून चालताना कोणीच निकालात निघेना. पुढे चाललेल्या जाड्या माणसाच्या पाठीकडे बघून सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. अजून चारच धरतात का? प्रश्न विचारला कोणी, तर एका भुलीच्या इंजेक्शनखालच्या बाईने. आणि कोणाला, तर ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला. म्हणजे तो प्रश्न खरं तर विचारलाच गेला नव्हता असं म्हणता आलं असतं. तरी तो चपलेत खडा जावा तसा दर पावलाला लागत होता.

चार म्हणजे चार हजार पार्सेक, साधारण तेरा हजार प्रकाशवर्षं. आकाशगंगा ही चपटी तबकडी, आणि तिच्या वर-खाली विरळ चुंबकीय प्रभामंडळ, ज्यात हे कण भटकत राहतात. त्या मंडळाच्या काठाबाहेर गेला तो गेला, परत येत नाही. हा काठ तबकडीपासून किती उंचीवर आहे? वाटेत कार्बनचा गाभा एखाद्या हायड्रोजनवर आदळला की त्याचा तुकडा पडून बोरॉन होतो. पृथ्वीपाशी येणाऱ्या किरणांत कार्बनच्या मानाने बोरॉन किती, हे मोजलं की कणांनी वाटेत एकूण किती वायू तुडवला ते कळतं. बुटाला लागलेल्या मातीवरून माणूस किती चिखलातून आला ते कळावं तसं. पण किती दिवस भटकला ते त्यातून कळत नाही. उंची दुप्पट धरा आणि कणांच्या पसरण्याचा वेगही दुप्पट धरा, बोरॉन तेवढाच्या तेवढाच. ते सोडवायला बेरिलियमचा एक किरणोत्सारी प्रकार लागतो, जो चौदा लाख वर्षांत निम्मा उरतो. तोच घड्याळ. आणि बाईंच्या तरुणपणी त्या घड्याळाचे काटे दिसण्याइतकी चांगली उपकरणंच नव्हती. तरीही बाईंच्या नावावर जो निबंध जगभर ओळखला जाई, त्यात उंची होती चार. उंची चार धरली की पुढचं सगळं सुबक येत होतं. पसरण्याचा वेग, मुक्कामाचा काळ, सगळं. पुढच्या पंचवीस वर्षांत शंभरेक लोकांनी ‘चार’ लिहून कंसात बाईंचं नाव टाकलं, आणि हळूहळू चार हा आकडा दगडावरची रेघ होऊन बसला.

मुलगी आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचं पहिलंच वाक्य “माझी एक शंका आहे” असं होतं, म्हणून शंकासूर. सगळ्या संस्थेने ते नाव उचललं. बाई कोणाला नाव ठेवत ते असं चिकटायचं, की माणसाचे आईवडील आले तरी लोक तेच नाव तोंडात आणताना चाचरत. मुलगी हुशार होती हे बाईंनी पहिल्या महिन्यात ओळखलं आणि तिच्यापासून काळजीपूर्वक लपवून ठेवलं. तीन वर्षं नीट गेली. चौथ्या वर्षी तिने प्रबंधाचा कच्चा खर्डा आणून ठेवला, आणि त्यात उंची मोकळी सोडली होती. चार नाही, सहा नाही, काहीच नाही. निष्कर्षाच्या जागी लिहिलं होतं: उपलब्ध मोजमापांवरून हा आकडा ठरवता येत नाही. “हा काय निष्कर्ष झाला?” बाईंनी विचारलं होतं. “चार वर्षं सरकारी खर्चाने राहून आपल्याला काही माहीत नाही एवढंच माहीत झालं तुला?” मुलगी म्हणाली होती, “बाई, पण नाहीच ठरत ना तो.” रडली नव्हती. रडली असती तर कदाचित बाई विरघळल्या असत्या, असं त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मग त्यांनी समितीला पत्र लिहिलं. त्याची भाषा त्यांना अजून पाठ होती, कारण ती चांगली उतरली होती: विद्यार्थिनीची कुवत कमी नाही, धैर्य कमी आहे. निर्णय घेता येत नसल्याने ती अनिश्चिततेलाच तत्त्व समजते. नोंदणी रद्द करावी, अशी माझी शिफारस आहे. समितीने ती एका बैठकीत, चहा यायच्या आत मान्य केली होती. अकरा वर्षं झाली त्याला.

खर्डा कपाटात सर्वांत खालच्या खणात होता. बाई खोलीचं दार लावून जमिनीवर बसल्या आणि तो काढला. समासात त्यांचंच लाल अक्षर होतं. ‘भित्रेपणा.’ ‘हे कोणी विचारलं?’ ‘ठरवा एकदाचं!’ एका पानावर तर नुसतंच ‘हं.’ असं होतं, पूर्णविरामासकट. हे ‘हं.’ वाचून त्यांना आधी थोडं हसू आलं. खर्ड्यात चूक सापडेल याची त्यांना खात्री होती, किंवा निदान खात्री असायला हवी होती. एखादं चिन्ह उलटं, एखादा आडाखा कच्चा. एक तास गेला. मुलीचं गणित जुन्या घराच्या भिंतीसारखं होतं, देखणं नाही, पण ओळंब्यात. चूक नव्हती.

दारावर टकटक झाली. नवीन आलेला तरुण प्राध्यापक होता. आज दुपारी त्याचं व्याख्यान होतं, बेरिलियमच्या ताज्या आकड्यांवर. हा माणूस बाईंना मांजराच्या पिल्लासारखा वाटे. सगळ्यांच्या पायांत. बाई जमिनीवर बसलेल्या बघून तो दारातच अडखळला.

“काही हरवलंय का, बाई?”

“बोला.”

“नाही, म्हणजे... आजच्या व्याख्यानात मी उंची मोकळी सोडणार होतो. चालेल ना?”

“मला कशाला विचारता? व्याख्यान तुमचं आहे.”

तो कसनुसं हसला. “तसं नाही. इथे सगळेच विचारतात तुम्हाला. तुम्हाला विचारल्याशिवाय ती कोणी मोकळी सोडत नाही.”

“आणि नव्या आकड्यांतून काय निघतंय?”

“चारही निघतं. आठही निघतं,” तो म्हणाला, आणि घाईघाईने, जणू बाईंच्या स्वयंपाकघरात त्याच्या हातून काही फुटलं होतं, “पण चार निघतंच हं.”

तो गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की हे लाचार ‘हं’ आपणच इतक्या वर्षांत घडवलं आहे, जसं कुंभार मडकं घडवतो. या इमारतीत पंधरा-वीस हुशार माणसं होती आणि त्यांतल्या एकाचीही एका आकड्याला हात लावायची छाती नव्हती. आजवर बाईंनी त्यांच्या या लाचारीचा मनापासून तिरस्कार केला होता. माणसाला कणा नको का, असं त्या डॉक्टरांना जेवताना सांगत. डॉक्टर म्हणत, भाजी वाढू का अजून.

व्याख्यानाला त्या गेल्या नाहीत. संगणक चालू करून त्यांनी स्वतःचं जुनं गणित उघडलं आणि ज्या ओळीत चार लिहिलं होतं ती ओळ पुसली. त्या जागी सांगितलं, दोनपासून दहापर्यंत सगळं घेऊन बघ. मग खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली आवारात माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता आणि मधूनच पाइप स्वतःच्या चपलांवर धरत होता. उत्तर आलं तेव्हा त्यांनी लगेच वळून पाहिलं नाही, कारण त्यांना ते माहीत होतं. पडद्यावर रेघ होती. कुठेतरी खाली वाकून एक खळगा दाखवणारी, इथे खरं आहे, इथे ये म्हणणारी रेघ नव्हे. तीनपासून नऊपर्यंत सपाट. कपडे वाळत घालायच्या ताणलेल्या दोरीसारखी.

आणि ही रेघ त्यांनी आधी पाहिली होती. मुलीच्या खर्ड्यात नव्हे, त्याच्याही आधी चौदा वर्षं. हे त्या विसरल्या नव्हत्या. विसरणं ही चांगल्या माणसांना मिळणारी सवलत असते, ती त्यांना कधी मिळाली नाही. त्यांनी फक्त त्या दिवसाकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती. तेहतीस वर्षांच्या होत्या. मंगळवार होता. नव्या चपला लागत होत्या, म्हणून त्या मोठ्या सरांच्या टेबलाशी एक पाय चपलेतून काढून उभ्या होत्या. सरांनी कागदावरची सपाट रेघ बघितली, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितली. “सपाट रेघेला कोणी नोकरी देत नाही,” ते म्हणाले. “चार धर. मधला आकडा आहे, कोणी भांडणार नाही. आणि हा कागद ठेवू नकोस.” त्या वेळी जे वाटलं होतं त्याला बाईंनी पुढे पुष्कळ नावं दिली, गुरूचा शब्द, काळाची गरज, व्यवहार. खरं नाव एकच होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी जिन्यात कागदाचे आठ तुकडे केले, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्या ज्या माणसाला काही ठरवता येत नसे त्याचा त्यांना राग येऊ लागला. मोठे सर वारले तेव्हा शोकसभेत बाई त्यांच्या निर्भयतेवर बोलल्या होत्या. लोकांनी डोळे पुसले होते. लोक काय, कशानेही डोळे पुसतात.

साडेचारला त्यांनी पर्स उचलली. त्या रस्त्याला लागल्या तेव्हा आपण माफी मागायला चाललो आहोत असं त्यांच्या मनात होतं, आणि वाटेतल्या दुकानांच्या काचांत स्वतःचं प्रतिबिंब बघताना त्यांना ते थोडं आवडलंही. ताठ मानेची, पिकल्या केसांची बाई, अकरा वर्षांनी चूक कबूल करायला निघालेली. हे आवडलेलं लक्षात आल्याबरोबर त्यांना स्वतःची शिसारी आली. मग त्या शिसारीतही एक ऐट आहे हे कळलं, आणि पुढची दोन वळणं त्या कसलाच विचार न करता नुसत्या चालल्या.

दवाखान्यात औषधाचा आणि फिनेलचा वास होता. बाकावर शंकासूर एकटी बसली होती. आता सदतीस-अडतीसची बाई, एका गालावर अजून थोडी सूज. बाईंना बघून ती ताडकन उभी राहिली, जुन्या सवयीने. मग आपण उभ्या राहिलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती पुन्हा बसली.

“डॉक्टर आत आहेत,” ती म्हणाली. “एक आजोबा आहेत कवळीवाले. मग माझा नंबर.”

“काय करतेस हल्ली?”

“इस्पितळात असते. गळ्याच्या गाठीवर वगैरे किरणोत्सारी औषध देतात ना? ते शरीरात किती दिवस टिकतं ते मोजते.”

“म्हणजे तंत्रज्ञ.”

“तिथे भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. तुम्ही तंत्रज्ञ म्हणा.” ती रागावली नव्हती. सूज असलेल्या बाजूने तिला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून वाक्यं तुटक येत होती. “माणसं विचारतात, घरी नातू आहे, त्याला किती दिवस जवळ घ्यायचं नाही? त्यांना आकडा लागतो.”

“आणि माहीत नसला तर?”

“तर माहीत नाही म्हणते. आणि आठवडाभर जास्तच लांब राहायला सांगते.”

बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. समोरच्या भिंतीवर दाताचा उभा छेद दाखवणारं चित्र होतं. त्याकडे बघत त्या म्हणाल्या, “आज ती उंची मोकळी सोडून पाहिली.”

“आणि?”

“सपाट.”

शंकासूर हसली, अर्ध्याच तोंडाने. “तुमच्या यांना मी उगाच विचारलं त्या दिवशी. इंजेक्शनची भीती वाटत होती, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.” थोडं थांबून ती म्हणाली, “बाई, मनात नका ठेवू. माझा राग केव्हाच गेला. सुरुवातीला आई फार बोलायची तुम्हाला. मीच तिला सांगायचे, अगं त्या वाईट नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. माणसाचा एखाद्या गोष्टीवर विश्वास बसतो आणि मग त्याला दुसरं दिसत नाही. वाईट माणसाने केलं असतं तर मला सोसलं नसतं. विश्वासाने केलं, म्हणून सोसलं.”

आत आजोबांची कवळी बसत नव्हती. डॉक्टर त्यांना “चावा, चावा, लाजू नका” म्हणत होते. बाईंना फक्त “हो गं” म्हणायचं होतं. एवढी आयती, इतकी स्वस्त क्षमा त्यांना आयुष्यात कोणी देऊ केली नव्हती. समोरची बाई ती वाढून, ताट पुढे सरकवून बसली होती, आणि उचलली असती तर दोघींचंही भलंच झालं असतं. शंकासुराची अकरा वर्षं शाबूत राहिली असती, बाईंचं पंचवीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण तिचं ते समजूतदार, सुजलेलं तोंड बघताना बाईंच्या मनात जे उसळलं ते कृतज्ञता नव्हती, जुनीच चीड होती. इतकी हुशार मुलगी, आणि एवढंही तपासून बघितलं नाही हिने.

“नव्हतं वाटत मला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चार आहे असं. कधीच वाटलं नव्हतं. तू यायच्या आधीच मी ती रेघ पाहिली होती. कागद फाडून टाकला होता. तुझा खर्डा वाचला तेव्हा तो बरोबर आहे हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. म्हणून तर ते पत्र लिहिलं.”

शंकासुराने सुजलेल्या गालावर हात धरला, जणू भूल आत्ता उतरली होती. आजोबा बाहेर आले, दोघींना उगाच नमस्कार करून जिना उतरले, तरी तिचा हात गालावरच होता. डॉक्टर दारात येऊन “चला” म्हणाले आणि दोघींकडे बघून तिथेच थांबले.

“हे कशाला सांगितलंत मला?” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. “मी बरी होते. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगितलंत?”

“नाही.”

“मग लिहून द्या.”

“चूक झाली असं लिहून द्यायलाच मी...”

“चूक झाली असं नाही. चूक सगळ्यांची होते. माहीत होतं, असं लिहून द्या.”

बाईंनी टेबलावरचं औषधं लिहायचं पॅड ओढलं. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर हसणारी दाढ छापलेली होती. ही दाढ बघून त्यांनी एकदा नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तिच्याखाली त्या लिहू लागल्या. ज्याला संस्थेतली शंभर माणसं थरथरत असत ते त्यांचं अक्षर आज वळत नव्हतं. लिहून झाल्यावर शंकासुराने कागद घेतला, उजेडाकडे धरून वाचला.

“‘कल्पना होती’ नको,” ती म्हणाली. “कल्पना कोणालाही असते.”

बाईंनी दुसरा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. या खेपेस तिने वाचून तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

“मी स्वतः देते समितीला,” बाई म्हणाल्या.

“नको. मीच पाठवीन.” मग तिने वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दुःखही नव्हतं. बाईंनी ती नजर हजार वेळा दुसऱ्यांना दिली होती आणि तिचा भार किती असतो हे त्यांना आज प्रथमच कळत होतं. ती नजर माणसाला जिथल्या तिथे मोजून, बाजूला ठेवून, पुढच्या कामाला लागते. “डॉक्टर,” शंकासूर म्हणाली, “टाके काढता ना? मला परत जायचंय. सहाला पेशंट आहे.”

टाके काढून ती गेल्यावर डॉक्टर हात धूत राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. नळ बंद करून म्हणाले, “खरं आहे का ते?”

“हो.”

“मी लोकांना सांगायचो,” हात पुसत ते म्हणाले, “आमची बायको तोडून बोलते, पण खोटं बोलत नाही.” आणि टॉवेल खुंटीला लावून ते आतले दिवे मालवायला गेले. बाईंनी दाढेचं पॅड पुन्हा टेबलावर जागेवर ठेवलं.

नऊ दिवसांनी संचालकांनी बोलावलं. टेबलावर तोच कागद होता, दाढेसकट. संचालकांनी स्वतः उठून दार लावलं, बाईंसाठी खुर्ची ओढली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तुमच्या त्या विद्यार्थिनीने नोंदणी पुन्हा मागितली आहे, ते म्हणाले, आणि ते देता येईल, कोणाचं काही जात नाही. पण हा कागद फाईलला लागला तर तुमचा निबंध उघडावा लागेल, चौकशी बसेल, मोठ्या सरांचं नाव येईल, ज्यांच्या नावाने सभागृह आहे. निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिली आहेत. कोळसा उगाळावा तितका काळाच. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर सहीपुरती जागा सोडली होती.

“पंचवीस वर्षांपूर्वीचं कोणाला इतकं स्पष्ट आठवतं?” ते मऊ आवाजात म्हणाले. “माझंच बघा, काल काय जेवलो ते आठवत नाही. वयाप्रमाणे सरमिसळ होते. भावनेच्या भरात लिहिलं, स्मरणाचा घोटाळा झाला, एवढंच आहे यात. त्यांना पदवी मिळेल, तुम्हालाही त्रास नाही. बाकी मी बघून घेतो.”

बाईंनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मग त्यांनी संचालकांकडे पाहिलं, त्यांच्या काळजीपूर्वक रंगवलेल्या केसांकडे, पुढे धरलेल्या पेनाकडे, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा, खणखणीत लागला.

“माझी स्मरणशक्ती उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्यायला कोणाला तरी बोलवा. वेळ लागेल.”